मागितलेला रंग



ज्या माध्यमातून रंगाचा एक ठिपकासुद्धा आपल्यापर्यंत पोहोचू शकत नाही, त्या नभोवाणीवरून रंगांविषयी बोलण्याचे धाडस मी आज करीत आहे. आणि तेही चित्रकाराच्या रंगांविषयी नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या बटणांच्या आणि चौकटींच्या रंगांविषयी.

निमित्त घरगुती आहे. माझ्या भाच्याने गेल्या अंबिया बहारात आपल्या नागपूरच्या कळमना बाजारातील एका अडत्यासाठी संत्र्यांच्या आवक-जावकेची नोंद ठेवणारा लहानसा प्रोग्राम जावा भाषेत लिहिला. आवकेचे बटण नारिंगी, जावकेचे हिरवे. घरी दोन्ही रंग झकास उमटले. परंतु दुकानात नेण्याच्या आदल्या रात्री, अडत्याला पडदा ओळखीचा वाटावा या सद्हेतूने, त्याने त्या प्रोग्रामवर विंडोजचे रूप चढवले, आणि सकाळी पाहतो तो दोन्ही बटणे राखाडी. दिलेल्या रंगाची केसाएवढी किनार तेवढी प्रत्येक बटणाच्या कडेने डोकावत होती.

"मामाजी, रंग तर दिला होता," तो हिरमुसून म्हणाला, आणि त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आवकेच्या बटणालाच त्याचा रंग विचारला, तर त्याने तांबडा 255, हिरवा 200, निळा शून्य असे चोख उत्तर दिले. म्हणजे अर्ज दाखल झाला होता, दप्तरी नोंदही झाली होती. अंमलबजावणी मात्र ज्याच्या हाती होती, त्याने तो कागद उघडून पाहिलाच नव्हता.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1996 साली जावाची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिची बटणे संगणकाच्या मूळ प्रणालीकडून उसनी घेतलेली असत. विंडोजवर विंडोजचे बटण, मॅकवर मॅकचे. 1998 च्या अखेरीस जावाच्या पुढच्या आवृत्तीबरोबर 'स्विंग' हा साधनसंच प्रतिष्ठित झाला आणि त्याने ही उसनवारी मोडून प्रत्येक बटण स्वतःच रंगवण्याचा पत्कर घेतला. मात्र त्यात एक वाटणी ठेवली: बटण आपली माहिती जवळ बाळगील, आणि ते दिसावे कसे हे 'लुक अँड फील' नावाचा निराळा कारभारी ठरवील. स्विंगचा स्वतःचा 'मेटल' हा कारभारी मोठा आज्ञाधारक. सांगाल तो रंग लावतो. पण 2001 मध्ये विंडोज एक्सपी आपली तयार नक्षी घेऊन आली, 2003 मधल्या जावाच्या आवृत्तीने ती नक्षी उचलली, आणि तेव्हापासून विंडोजच्या रूपात बटणाचा दर्शनी भाग त्या तयार चित्राने झाकला जातो. आपला रंग त्याखाली भरलेला असतोच. कडेला उरतो तेवढाच दिसतो.

नागपूरकरांना हा प्रकार नवा वाटू नये. अंबियाचे संत्रे पुष्कळदा आत गोड झालेले असते आणि साल हिरवीच असते, कारण रात्री गार पडू लागल्यावाचून सालीतले हरितद्रव्य ओसरत नाही. गर पिकला म्हणजे साल त्याच्या आज्ञेत आली, असे नव्हे.

स्विंगमधील साध्या लेबलाची कथा याहून विचित्र. ते जन्मतःच पारदर्शक मानलेले असल्यामुळे त्याला कितीही रंग द्या, 'तू अपारदर्शक हो' असे वेगळे बजावल्याखेरीज ते रंगाचा थांग लागू देत नाही. आणि हा दोष एकट्या जावाच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. पायथॉन भाषेच्या टीकेइंटर या साधनसंचात मॅकवर बटणाची पार्श्वभूमी बदलू पाहणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. ज्यांनी संपूर्ण पडद्याला एकरूपता यावी म्हणून नक्षी आखली, त्यांची बाजूही निराधार नाही. माझी तक्रार निराळीच आहे: नकार द्यावयाचा तर स्पष्ट द्यावा; अर्ज घ्यावा, नोंद करावी, आणि शेरा मारण्याचीही तसदी घेऊ नये, ही रीत मला रुचत नाही.

उपाय आहे. बटणाचा आतला भाग प्रणालीने भरू नये असे बजावून, मग ते अपारदर्शक करावयाचे, की मागितलेला रंग येतो. भाच्याने तसे केले, आणि रंग आलाही. पण प्रणालीच्या नक्षीबरोबर बटणाचा उठाव गेला, दाबल्याची खूणही गेली. अडत्याने त्या सपाट चौकोनाकडे पाहिले आणि विचारले, "हे बटन दबते काय जी? का नुसती पाटी हाय?"

शेवटी आम्ही बटणे राखाडीच राहू दिली, आणि प्रत्येकावर अक्षरांच्या डावीकडे एक लहानसा रंगीत चौकोन चित्र म्हणून बसवला, कारण बटणावरचे चित्र कोणताही कारभारी सहसा झाकत नाही. आता प्रश्न उरला नारिंगी रंगाच्या आकड्यांचा. जावात 'ऑरेंज' या नावाने मिळणारा तयार रंग, म्हणजेच तो 255, 200, शून्य, अडत्याला पसंत पडेना. "हे तर मोसंबीवर गेलं," असे म्हणून त्याने पेटीतले एक संत्रे काढून पडद्याशेजारी ठेवले, आणि भाचा हिरव्याचा आकडा पाच-पाचने उतरवीत, दर खेपेला त्याच्या तोंडाकडे पाहत बसला.