द्रवांची चाळणी आणि वेळेचें गणित

मिश्रणांतील घटक वेगळे करून ओळखण्याच्या कामास रसायनशास्त्रज्ञ पृथक्करण म्हणतात. त्याची एक नामी रीत इंग्लंडांत लीड्स येथील लोकर-संशोधन संस्थेंत आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांनीं काढून १९४१ सालीं प्रसिद्ध केली. लोकरींतील अमिनो आम्लें निरनिराळीं करणें हा त्यांचा हेतु. प्रथम त्यांनीं दोन द्रव परस्परविरुद्ध दिशांनीं वाहविणारें यंत्र रचलें. तें फारच किचकट ठरलें. मग मार्टिन यांच्या ध्यानांत आलें कीं, दोन्ही द्रवांनीं वाहण्याची गरजच नाहीं! नळींतील सिलिकाच्या भुकटीनें पाणी धरून ठेवावें आणि तिच्यामधून क्लोरोफॉर्म वाहूं द्यावें. ज्या पदार्थाला पाण्याची ओढ अधिक तो मागें रेंगाळतो, दुसरा पुढें निघतो.

आतां हें काम लौकर कसें उरकावें? द्रव जोरानें ढकलावा, असें वर्गांतील कोणीही चुणचुणीत मुलगा सांगेल. पण रेणूला वाहत्या द्रवांतून स्थिर द्रवांत शिरून परत येण्यास अवधि लागतो, आणि द्रवांत रेणूंचें पसरणें वायूंतल्यापेक्षां सुमारें १०,००० पटींनीं मंद. तो अवधि न मिळाला, तर पदार्थांचे पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळतात. तेव्हां रेणूची ही ये-जा आखूड केली पाहिजे. कण निम्म्या जाडीचे केले, तर तिचा वेळ चतुर्थांशावर येतो. मात्र तितक्याच लांब नळींतून त्याच वेगानें द्रव नेण्यास दाब चौपट लागतो.

बारीक कण आणि मोठा दाब, ही वाट दोघांनीं १९४१ च्या त्याच निबंधांत दाखविली होती. १९५२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तरी त्या वाटेनें पंचवीसएक वर्षें फारसें कोणी गेलें नाहीं, याचें मला नवल वाटतें. एकसारखे बारीक कण व भक्कम पंप दुर्मिळ होते हें खरें. शिवाय वायु वाहविणारी भगिनी-रीत आधीं पुढें आली. अखेर १९६७ च्या सुमारास अमेरिकेंत येल विद्यापीठांत चाबा होर्वाथ आदिकरून मंडळींनीं दाबाचें यंत्र चालवून दाखविलें. स्थिर द्रव वाहून जाण्याची पीडा उरली होती. पुढें त्याच्या जागीं सिलिकालाच रासायनिक बंधानें जखडलेला थर आला.

औषधाच्या गोळ्या तपासल्यावांचून कारखान्याबाहेर सोडतां येत नाहींत. तेथें तासांचीं मिनिटें होणें ही लहान गोष्ट नव्हे. २००४ पासून दोन मायक्रॉनांहून बारीक कणांचीं आणि सुमारें १,००० वातावरणांचा दाब सोसणारीं यंत्रें बाजारांत आहेत. एवढ्या दाबानें द्रव घर्षणामुळें तापतो, म्हणून त्यांची नळी बहुधा दोनच मिलिमीटर रुंद ठेवितात. उष्णता बाहेर पडण्यास तिची भिंत जवळ असावी लागते.