उसण भरली, पाठ कुणाच्या हाती द्यायची?

पाठीत उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाची शोधाशोध सुरू होते. त्याचा पाय पाठीला लागला की उसण जाते, असं आपण आजीकडून ऐकत आलो. पाय नुसता टेकवला तर बिघडत नाही. पण म्हाताऱ्या पाठीला कुणी लाथ, हिसका किंवा जोराचा दाब देणार असेल, तर थांबा.

माझ्या सासूबाई सत्तरीच्या. पाण्याची कळशी उचलताना त्यांच्या पाठीत कळ आली. हाडं बसवणाऱ्यानं पालथं झोपवून पाठ दाबली. ‘कट्’ असा आवाज झाला. आम्ही म्हटलं, बसला मणका! दोन दिवसांत त्यांना कुशीवर वळता येईना. एक्स-रेमध्ये मणका दबलेला निघाला. तो कळशीनं दबला की दाबण्यानं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण फोटो आधी काढला असता, तर त्या पाठीवर आम्ही कुणाला जोर देऊ दिला नसता.

पाळी गेल्यावर बाईची हाडं भराभर ठिसूळ होतात. मग वाकून वजन उचललं तरी मणका दबू शकतो, आणि दुखतं ते उसणीसारखंच. ‘कट्’ आवाज म्हणजे मणका जागेवर बसला, असंही नाही. बोटं मोडताना होतो तसाच तो आवाज.

मग हातानं करायचे उपचार वाईटच का? नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जे उपचार सुचवले, त्यांत व्यायामाबरोबर हेही आहेत. पण हात शिकलेला हवा आणि तपासणी आधी हवी.

उपचार करणाऱ्याला आधीच सांगा: पूर्वी मनगट किंवा खुबा मोडला होता का, स्टेरॉइडच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, कॅन्सर झाला होता का.

पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायची जागा बधिर झाली, तर तडक मोठं हॉस्पिटल गाठा. पाठदुखीबरोबर ताप असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

साधी उसण असेल तर शेक घ्या, झेपेल तेवढं चालाफिरा, अंथरूण धरून राहू नका. आणि कुणी म्हणालं, “आजी, पाठ दाबून देऊ?” तर सांगा, “आधी तपासून घेते बाळा, मग बघू.”