बिरड्याचा रोजा आणि बेथ एल

रोडपालीहून पनवेलच्या बाजारात वाल आणायला निघालेला माणूस एका दमात तीन विभक्त्या वापरतो आणि त्याला पत्ताही नसतो. ‘हून’ पंचमी, ‘च्या’ षष्ठी, ‘त’ सप्तमी. त्यात षष्ठीची तऱ्हा न्यारी. रोडपालीचा रस्ता, रोडपालीची शाळा, रोडपालीचं तळं. प्रत्यय लागतो मालकाला, पण लिंग बघतो मालमत्तेचं. शिवाय मालकाचं रूपही बदलतं: वालाचं बिरडं आधी ‘बिरड्या’ होतं, मग त्याला ‘चा’ लागतो.

रायगडातल्या बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजाचे जुने सण याच षष्ठीवर उभे आहेत. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकदिनाचा उपास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’. वर्षारंभी ‘नव्याचा सण’, पाठोपाठ ‘खिरीचा सण’. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी समाजाच्या इतिहासात हे सण नोंदवले आहेत. १८९७मध्ये लिहिलेला हा ग्रंथ १९३७मध्ये तेल अवीवला छापला गेला.

समाजाचं स्वतःचं नाव मात्र हिब्रू रीतीचं. हिब्रूत मुलगे म्हणजे ‘बनीम’. इस्रायलचे मुलगे म्हणताना इस्रायलला काहीच होत नाही. ‘बनीम’चं ‘बेने’ होतं. पनवेलचं सिनेगॉग १८४९चं, नाव ‘बेथ एल’, म्हणजे देवाचं घर. इथंही देव तसाच राहतो. घर, म्हणजे ‘बयित’, बदलून ‘बेथ’ होतं. मराठीत मालक वाकतो, हिब्रूत मालमत्ता! स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये बेने इस्रायलांसाठी हिब्रू व्याकरण मराठीतून लिहिलं, तेव्हा त्यांना हा उलटा हिशेब समजावून सांगावा लागला असणार.

आता हिब्रूच्या जोडीला केल्टिक कुळातली वेल्श घ्या. वेल्समध्ये सेंट डेव्हिड्स नावाचं छोटं शहर आहे. त्याचं वेल्श नाव ‘टीदेवी’. ‘टी’ म्हणजे घर आणि ‘देवी’ म्हणजे संत डेवी. घर आधी, मालक मागून, मध्ये ‘चा’ नाही. फक्त डेवीच्या नावातला पहिला ‘ड’ मऊ पडून ‘द’ झाला. हिब्रूशी वेल्शचं रक्ताचं नातं नाही, पण शब्दांचा क्रम तोच. वेल्शचे व्याकरणकार जॉन डेव्हिस यांनी १६२१मध्येच या दोन भाषांची तुलना केली होती.

उद्या कुणी हिब्रूची छाप असलेली केल्टिक भाषा कल्पनेनं रचायला बसलं, तर ‘कुणाचं काय’ हे सांगताना त्याचं फारसं अडणार नाही. इंग्रजी लेखक टॉल्किन यांनी आपल्या कथांतल्या एल्फांची सिंदारिन भाषा वेल्शच्या वळणावर रचली आणि बुटक्यांची खुझ्दुल सेमिटिक धर्तीवर. पण दोन्ही वेगळ्या ठेवल्या.

अडेल ते मराठीची षष्ठी त्यात बसवताना. बेने इस्रायलांनी मात्र ते सहज जमवलं. ‘बेने इस्रायलांचा नव्याचा सण’ या चार शब्दांत ‘बेने’ हिब्रू नियमानं चालतं आणि बाकी सगळं मराठीच्या.