क्युबात, लोकांच्या घरी



'तू एकटी फिरतेस, तर त्यावर वीस मिनिटं बोल,' असं मला सांगण्यात आलं. पुढे जेवण आहे, त्यामुळे वीस मिनिटं घेणार नाही. बोलणार आहे ते क्युबाबद्दल. फेब्रुवारी २०१९ मध्ये मी तिथे तीन आठवडे होते, आणि एकही रात्र हॉटेलात काढली नाही.

क्युबात 'कासा पार्तिकुलार' नावाची सोय आहे. म्हणजे लोकांच्या राहत्या घरातली भाड्याची खोली. दारावर नांगरासारखी निळी खूण दिसली की बेल वाजवायची. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला, तिकडून येणारं तेल आणि मदत थांबली, देशाचे अक्षरशः खायचे वांधे झाले. डॉलर हवे होते, पर्यटक हवे होते आणि हॉटेलं पुरेशी नव्हती. शेवटी १९९७ साली सरकारने घरातल्या खोल्या भाड्याने द्यायला कायद्याने परवानगी दिली. परवानगी असली तरी नियम कडक. पाहुणा आला की त्याचा पासपोर्ट नोंदवहीत उतरवायचा, सरकारी कार्यालयाला कळवायचं, आणि पाहुणा येवो न येवो, महिन्याचा ठरावीक कर भरायचाच.

मी हवानाहून पश्चिमेला विन्यालेसला गेले. तंबाखूची लाल शेतं आणि त्यात मधेच उभे राहिलेले चुनखडीचे गोल डोंगर. मग त्रिनिदाद, मग सांतियागो, आणि शेवटी अगदी पूर्वेच्या टोकाला बाराकोआ. बेट साडेबाराशे किलोमीटर लांब आहे. पुढच्या गावाची खोली मी कधीच आधी ठरवली नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी घरमालकीण फोन उचलायची आणि पुढच्या गावातल्या ओळखीच्या बाईला सांगायची, 'एक भारतीण येतेय, मांस खात नाही, स्पॅनिश लहान मुलासारखं बोलते.' बस थांबली की माझं नाव लिहिलेला पुठ्ठा घेऊन कोणीतरी उभं असायचं. पाठवणाऱ्या बाईला त्यात कमिशन मिळतं, हे मला नंतर कळलं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. व्यवस्था चोख होती.

आमच्या धंद्यातल्यांसाठी दोन गोष्टी सांगते. पहिली रांग. क्युबात बँकेपासून आइस्क्रीमपर्यंत सगळीकडे रांग आहे, पण रांगेत कोणी उभं नसतं. तुम्ही जायचं आणि मोठ्याने विचारायचं, 'शेवटचं कोण?' एक जण हात वर करतो. त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि सावलीत जाऊन बसायचं. मग कोणी आलं आणि त्याने विचारलं, की हात तुम्ही वर करायचा. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा माहीत असतो आणि रांग बिनबोभाट सरकते. कॉलेजात लिंक्ड लिस्ट शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण द्यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट 'पाकेते'. मोबाईलवरचं इंटरनेट तेव्हा नुकतंच आलं होतं आणि महाग होतं. बाकी लोक तासाचं कार्ड खरवडून बागेतल्या वायफायखाली बसायचे. मग सिनेमे, मालिका, सॉफ्टवेअर यांचं काय? दर आठवड्याला सुमारे एक टेराबाइटचा साठा हार्ड डिस्कवरून गावोगाव फिरतो. बसने जातो, दारोदार कॉपी होतो. पाठीवरच्या पिशवीतून जाणारं इंटरनेट म्हणा.

आता बाराकोआबद्दल. १५११ साली स्पॅनिशांनी क्युबात वसवलेलं हे पहिलं गाव. डोंगरातून जाणारा 'ला फारोला' रस्ता १९६० च्या दशकात झाला, तोवर तिथे जायचं तर मुख्यतः समुद्रानेच. नारळ इतके, की मला आपल्या कोकणात आल्यासारखं झालं. खोबरं, मध आणि फळं शिजवून पामच्या पानाच्या कोनात भरून विकतात. खाताना आपल्या नारळाच्या वड्या आठवल्याच.

तिथे मी एका आजींच्या घरी सहा दिवस राहिले. आजी ७२ वर्षांच्या. घर चालवत होती त्यांची मुलगी, साधारण माझ्याच वयाची, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. दुसऱ्या रात्री वीज गेली, आम्ही ओसरीत बसलो, आणि तिने सरळ विचारलं, 'तुला पगार किती?'

आपल्याकडेही हा प्रश्न विचारतातच, पण उत्तर देताना इतकं जड मला कधी झालं नव्हतं. मी खरा आकडा सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, सरकारी वीज खात्यात तिला महिन्याला चाळीस डॉलरच्या आत मिळायचे. माझ्या खोलीचं भाडं रात्रीला पंचवीस. नोकरी सोडून ती पाहुण्यांच्या चादरी धुवायला लागली, ते या गणितामुळे. 'आम्हांला शिकवलं फुकट आणि उत्तम,' ती म्हणाली, 'फक्त त्या शिक्षणाचं करायचं काय, ते नाही सांगितलं.'

आजींना हे आवडलं नाही. त्या उठून आत गेल्या आणि एक गंजलेला कंदील घेऊन आल्या.

१९६१ साली क्युबाने वर्षभरात निरक्षरता हटवायची मोहीम काढली. शाळकरी पोरापोरींसह लाखभर तरुण खेड्यांत पाठवले. प्रत्येकाला एक झोळणा, दोन पुस्तकं आणि एक कंदील. दिवसा शेतकऱ्याबरोबर शेतात राबायचं, रात्री कंदिलाखाली त्याला शिकवायचं. त्या वर्षी काही तरुण शिक्षकांचे खूनही झाले. पुस्तकांत राजकारण ठासून भरलेलं होतं, हे आजीही मान्य करतात. पण सरकारी आकड्यांप्रमाणे सात लाखांवर माणसं लिहायला शिकली आणि निरक्षरता २३ टक्क्यांवरून चारच्या खाली आली. आजी तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. त्यांचा विद्यार्थी पन्नाशीचा, कॉफीच्या मळ्यातला. पेन्सिल इतकी घट्ट धरायचा की टोक मोडायचं, आणि दर वेळी तो या चौदा वर्षांच्या पोरीची माफी मागायचा.

मुलगी म्हणाली, 'आई, कंदिलाने पोट भरत नाही.' आजी म्हणाल्या, 'तुझं भरलं ना?' मग बराच वेळ कोणी बोललं नाही. माझ्या मते दोघींचं बरोबर होतं, आणि आजही मला त्यातली एक बाजू घेता येत नाही. समोर बसलेल्या माझ्या बाईंना आणि सरांना विचारायला आवडेल, की त्यांना काय वाटतं.

नंतरचं थोडक्यात. कोविडमध्ये पाहुणे थांबले. १ जानेवारी २०२१ ला दोन चलनांचं एक झालं आणि भाव भडकले. आजींची नात देश सोडून गेली, तिच्या वर्गातले निम्मे गेले म्हणतात. १८ ऑक्टोबर २०२४ ला अख्ख्या देशाची वीज गेली आणि दोनच दिवसांनी ऑस्कर हे चक्रीवादळ नेमकं बाराकोआच्या बाजूला धडकलं. सहा दिवस माझ्या संदेशापुढे एकच खूण होती. सातव्या दिवशी उत्तर आलं: 'मागचं छप्पर गेलं. आई बरी आहे. रक्तदाबाच्या गोळ्या मिळत नाहीत.'

तिथे औषधांचा तुटवडा आहे. पोस्टावर भरवसा नाही, म्हणून जाणाऱ्या माणसाबरोबरच पाठवावं लागतं. आतापर्यंत दोनदा पाठवलं. इथे तिघांनी सकाळी मला विचारलं, की क्युबाला जायचं तर कसं जायचं. जेवताना मला भेटा. पत्ता देते, बसचं सांगते आणि गोळ्यांचं पाकीट तुमच्या बॅगेत ठेवते. पाव किलोसुद्धा भरत नाही.