पत्रादेवीचे स्मारक
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



गोव्याची सहल म्हटली की मंगेशी, शांतादुर्गा, समुद्र आणि परतताना काजू, कोकमे हे ठरलेलेच असते. बांदे सोडून गोव्यात शिरताना पत्रादेवी लागते. तिथे रस्त्यालगत हुतात्म्यांचे स्मारक आहे. पुढे पोहोचण्याच्या घाईत ते पाहायचे बहुधा राहून जाते. त्याविषयी आज दोन शब्द.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण गोव्यावर पोर्तुगीजांचेच राज्य राहिले. बांदे आणि पेडणे ही शेजारची गावे. बोली एक, सोयरीक एक, पण मधे परक्या सरकारचा पहारा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही ठिकठिकाणी ती हद्द ओलांडू लागले. हातात तिरंगा होता, शस्त्र नव्हते. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी वीसाहून अधिक माणसे मारली गेली.

पत्रादेवीला मध्य प्रदेशातील सागरच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळी लागली, तेव्हा पंजाबचे कर्नेलसिंग पुढे सरसावले आणि धारातीर्थी पडले. त्यांच्या लग्नाला काही महिनेच झाले होते. सहोदराबाई वाचल्या आणि १९५७ साली लोकसभेवर निवडून आल्या.

भगिनींनो, या दोघांचे गोव्यात ना घर, ना शेत, ना नातेगोते. तरीही ती हद्द त्यांना स्वतःच्या अंगणात घातलेल्या कुंपणासारखी वाटली. मला त्यांचे मोठेपण यातच दिसते. आणखी एक गोष्ट मनात येते. स्मारक उभे राहते ते गेलेल्यांचे. त्यांच्यामागे ज्या घरी राहिल्या, ज्यांनी उरलेले सारे आयुष्य एकटीने काढले, त्यांचे स्मारक कोण बांधणार? तिथे हात जोडताना त्यांचीही आठवण ठेवू या.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आज ती हद्द ओलांडताना आपल्याला कोणी अडवत नाही. गप्पा मारता मारता आपण पलीकडे जातो. हे त्यांनीच आपल्याला मिळवून दिले.

म्हणून माझी एवढीच विनंती, की मंडळाची सहल गोव्याला निघेल तेव्हा पत्रादेवीला दहा मिनिटे गाडी थांबवावी. फुले घरच्या बागेतली चालतील. बरोबरच्या मुलांना मात्र ही हकीकत सांगावी.