गाडी बघा, पण मागच्या सीटवरून

आमच्या गटाला सात सीटची गाडी घ्यायचीय. हप्ते पाच वर्षं फेडायचेत, म्हणून शोरूममध्ये आम्ही पुढचा मोठा स्क्रीन सोडून थेट मागच्या सीटवर जाऊन बसलो. सेल्समन हसला. हसू दे!

बोलेरोत मागची बाकं समोरासमोर. दणकट वाटतात, पण घाटात आडवं बसलं की मळमळतं. अर्टिगात तिसऱ्या रांगेतही तोंड पुढेच, ऐसपैस वाटतं. मात्र मधली सीट सरकवून वाकून आत शिरायचं. नऊवारीतल्या आजींना ते दोनदा करायला लावलं, तेव्हा कळलं. ट्रायबरची तिसरी रांग चक्क काढून घरी ठेवता येते. प्रदर्शनाला पापड-मसाल्याचे खोके न्यायला ही सोय आम्हाला फार आवडली. पण गाडी चार मीटरच्या आतली, सातही जणी बसल्या तर पिशव्या मांडीवरच.

एक सांगतो. शोरूममध्ये उभी असते ती बहुधा वरच्या मॉडेलची, आणि जाहिरातीतली किंमत खालच्या मॉडेलची. मऊ सीट, मागची एसी हवा, हे खालच्यात असेलच असं नाही. 'आम्ही घेणार तेच मॉडेल उघडून दाखवा' म्हणा. फिकट सीटवर लाल मातीचे डाग दिसतात, म्हणून लगेच बाहेरचं कव्हर घालू नका; सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर साध्या कव्हरमुळे ती अडते.

सोमवारी आम्ही गाडी चालवून बघणार आहोत. सातही जणी बसून, घाटातूनच.