गाणे आपले, बाजार कोणाचा?

(अंबाजोगाई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



उसाचा दर, दुष्काळ आणि रोजगार हमी ह्या विषयांनंतर एका सिनेमागीतावर बोलणे काहींना वेळेचा अपव्यय वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या श्रमिकांत आपण काम करतो त्यांच्या विसाव्याचा वेळ आज कोण घेतो आणि त्याचे काय करतो, हा अर्थकारणाचा आणि म्हणूनच राजकारणाचाही प्रश्न आहे. उदाहरणादाखल मी 'झिंगाट' घेतो. वरात असो, मिरवणूक असो की जत्रा, हे गाणे कानावर पडले नाही असा माणूस आपल्या जिल्ह्यात सापडणे कठीण.

२९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे ह्यांच्या 'सैराट' चित्रपटातले हे अजय-अतुल ह्यांचे गाणे. चित्रपटाची भूमी सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याची. तिथला ऊस आणि तिथला पाटील आपल्याला परके नाहीत. चित्रपटात ह्या गाण्याची जागा नेमकी आहे. पाटलाच्या मुलाचा वाढदिवस आहे, दारात गर्दी आहे. मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला परश्या मित्रांसह बेभान नाचतो आणि पाटलाची मुलगी आर्चीही नाचते. नाच चालू आहे तोवर कोण कुठला, हे कोणी विचारीत नाही. त्यानंतर मात्र दोघे पकडले जातात. मग मारहाण, पलायन, परमुलखातला संसार, आणि अखेरीस दोघांचीही हत्या. तो शेवट दिग्दर्शकाने मूक ठेवला आहे. पडद्यावरचा आवाजच थांबतो. इतके गजबजलेले गाणे आणि इतका निःशब्द शेवट ही एकाच विधानाची दोन टोके आहेत. समतेचा आनंद कसा असेल हे गाणे सांगते. त्याची किंमत आज काय पडते हे शेवट सांगतो.

आता मोबाइलवरची चित्रफीत पाहा. सुमारे चार मिनिटांत गाणे संपते आणि लगेच दुसरे सुरू होते. शेवट तिथवर पोहोचतच नाही. वाल्टर बेन्यामिन ह्या जर्मन विचारवंताने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले होते की, यंत्राने प्रती काढता येऊ लागल्या की कलाकृती आपल्या जागेपासून सुटते. ह्याच गावी दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेला ग्रंथ. ती पाहायची तर पासोडीपाशी जावे लागते. गाण्याला आता अशी जागा उरलेली नाही. बेन्यामिनला ह्यात जनतेच्या हिताची शक्यताही दिसली होती, आणि ती खोटी नव्हती. कला वाड्यातून वस्तीत येते ती यंत्रामुळेच. परंतु जागेबरोबर संदर्भही सुटतो. २०१८ साली 'धडक' ह्या हिंदी चित्रपटात हेच गाणे उदयपूरला गेले. चाल टिकली, जातीचा प्रश्न मात्र पुसट झाला. बाजारात काय सहज प्रवास करते आणि काय वाटेत गळते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

ही गळती कोणी कट करून घडवलेली नाही; ती व्यवहाराच्या रचनेतून घडते. डॅलस स्मिथ हे अमेरिकेच्या दळणवळण आयोगात काम केलेले अर्थशास्त्रज्ञ. १९७७ साली त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : रेडिओ आणि दूरचित्रवाणी नेमका कोणता माल विकतात? त्यांचे उत्तर असे की, कार्यक्रम हे आमिष आहे. विकला जाणारा माल म्हणजे प्रेक्षक, आणि त्याचा खरेदीदार जाहिरातदार. गूगलने २००६ साली यूट्यूब १६५ कोटी डॉलर मोजून घेतले, ते तुमच्या-आमच्या गाण्याच्या प्रेमापोटी नव्हे.

आपल्या भाषेत सांगायचे तर फुकटचे गाणे ही उचल आहे. ऊसतोडीला निघणाऱ्या कोयत्याला मुकादम आधी पैसे देतो आणि मग हंगामभर त्याच्या श्रमातून ते वळते करून घेतो. मोबाइलची कंपनीही आधी गाणे देते आणि मग आपल्या लक्षातून, आपल्या आवडीनिवडीच्या नोंदींतून वसुली करते. ह्या तुलनेला मर्यादा आहे, हे मी जाणतो. उचल न फिटलेल्या मजुराला पुढच्या हंगामात पुन्हा कोयता उचलावा लागतो. मोबाइल बंद करायला कोणाची आडकाठी नसते. तथापि हिशेब दोन्हीकडे सारखाच अपारदर्शक आहे. आपण किती दिले, हे देणाऱ्यालाच कळत नाही.

म्हणून ह्या गाण्याकडे तुच्छतेने पाहावे काय? आडोर्नो आणि होर्कहायमर ह्यांनी १९४०च्या दशकात 'संस्कृती-उद्योगा'वर जी टीका केली, ती वाचून आपल्यापैकी अनेकजण त्या निष्कर्षाला येतात. मला तो मान्य नाही. दिवसभर फडात मोळ्या बांधून कोपीवर परतलेली मुले ह्या ठेक्यावर नाचतात, तेव्हा त्यांचा आनंद खरा असतो. जो पक्ष श्रमिकाच्या आनंदाला नाक मुरडतो, त्याच्या दुःखाबद्दल बोलण्याचा अधिकारही तो हळूहळू गमावतो.

इथे स्टुअर्ट हॉल उपयोगी पडतात. १९७३ साली त्यांनी मांडले की, संदेश पाठवणारा जो अर्थ घालतो तोच घेणारा काढील असे नाही. तो अर्थ स्वीकारता येतो, त्यात फेरफार करता येतो, तो उलटवताही येतो. 'झिंगाट' बड्या घरच्या वरातीत वाजते आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतही वाजते. एकीकडे ती केवळ धमाल, दुसरीकडे आपल्यातल्याच एका पोराचे धाडस. मात्र गाण्याचा अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नाही, ह्याचे भान सुटता कामा नये. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाची हत्या झाली आणि तिला निमित्त झाली ती मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गौरवाची रिंगटोन. यंत्र तेच, खिसाही तसाच. परंतु एका गाण्यावर सारा गाव नाचतो आणि दुसरे वाजले म्हणून जीव जातो. जे गाणे सर्वांना चालते त्यातून काय वगळले गेले आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

मग आपण करायचे काय? बंदीची मागणी नको आणि उपदेशही नको. गाणे आणि त्याचा शेवट पुन्हा एकत्र आणणे, हे काम आपल्याला जमण्यासारखे आहे. हंगाम आटोपून टोळ्या गावी परततात तेव्हा लग्नसराई असते, जत्रा असतात. रीतसर परवानगी घेऊन एखाद्या रात्री शाळेच्या भिंतीवर तीन तासांचा संपूर्ण चित्रपट दाखवा. 'झिंगाट' लागले की मुले उठून नाचतील, नाचू द्या. मग शेवट होईल. त्यानंतर भाषण ठोकू नका. बायका काय बोलतात ते आधी ऐका, मग मुलांना विचारा : हे गाणे आपण वरातीत वाजवतो, पण आपल्याच घरातल्या आर्चीने उद्या परश्याचे नाव घेतले, तर आपण कोणाच्या बाजूला उभे राहू?

ह्या प्रश्नाचे उत्तर मोबाइल मागत नाही, कारण त्याला त्याची गरज नाही. आपल्याला आहे. आणि मुलांना तो विचारण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरी बसून त्याचे उत्तर दिलेले असले पाहिजे.